देव मालक, मग भांडण कशाचे? लश्करातल्या एका दत्तमंदिराचे प्रकरण

पार्श्वभूमी

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी टाकली आणि ती कधी उठलीच नाही, तिचेच लश्कर शहर झाले. छावणीबरोबर आलेल्या सरदार, शिलेदार आणि कारकून घराण्यांनी गल्लोगल्ली देवळे बांधली. त्यांपैकी एका दत्तमंदिराचे हे प्रकरण आहे. मी दिवाणी वकिली करतो. या वादात देवळाचा उत्सव चालवणाऱ्या मंडळाच्या बाजूचे कागद माझ्याकडे होते. नावे, मोहल्ला आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मंदिर एका सरदार घराण्याने बांधले. रस्त्याला लागून तीन दुकाने, आत फरसबंद चौक, औदुंबराचा पार, लाकडी खांबांचा सभामंडप, गाभारा आणि मागे पुजाऱ्याच्या बिऱ्हाडाच्या खोल्या. शहराबाहेर काही बिघे शेतजमीन, तीही संस्थानाने नैवेद्य-दिवाबत्तीसाठी माफी, म्हणजे सारा माफ करून, दिलेली. पूजेसाठी सरदारांनी कोकणातून एक कुटुंब आणले आणि त्या घरातल्या चार पिढ्यांनी देवाची सेवा केली. दत्तजयंती, गुरुवारची पालखी, गुरुपौर्णिमा हे सगळे मोहल्ल्यातल्या मराठी लोकांनी वर्गणी काढून चालवले. पुढे त्याच लोकांनी मंडळ स्थापून त्याची संस्था म्हणून नोंदणी केली.

मे १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. सरदारांची पुढची पिढी पुण्याला गेली आणि वाडा विकला गेला. देवळाच्या कारभाराचे काय, हे कोणी लिहून ठेवले नाही. पुजारी घराण्यातले गुरुजी पूजा करत, दुकानांचे भाडे घेत आणि त्यातच घर चालवत. उत्सव मंडळाकडे होता. दोघांचेही चालले होते, म्हणून कोणी कोणाला विचारले नाही.

वाद कसा उभा राहिला

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर वृद्ध गुरुजी गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. मृत्युपत्रात त्यांनी ‘माझे मंदिर, दुकाने, राहते घर व शेतजमीन’ पुतण्याच्या नावे केली होती. पुतण्याने ते मृत्युपत्र नगर निगममध्ये दाखवून मालमत्ताकराच्या नोंदीत आपले नाव चढवले. काही महिन्यांनी त्याने एका बांधकाम व्यावसायिकाशी करार केला: गाभारा आणि सभामंडप तसेच ठेवायचे, दुकाने पाडून चौकाच्या निम्म्या जागेवर व्यापारी इमारत उभारायची. बयानाही घेतला.

मंडळाला हे कळले ते गुरुवारच्या आरतीला. चौकात दोन माणसे फीत धरून मोजणी करत होती आणि पारावर चुन्याच्या रेघा ओढलेल्या होत्या. बोलाचाली झाली. दुसऱ्या दिवशी मंडळींनी पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली. त्यावर पुतण्याने सभामंडपाच्या दाराला कुलूप घातले आणि आरतीच्या वेळेपुरतेच तो ते उघडू लागला. मोहल्ल्यात दोन तट पडले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. देवस्थानाचा वाद म्हटले की लोकांना अयोध्या आठवते, आणि मध्य प्रदेशात धारची भोजशाळा. मंडळाच्या पहिल्याच बैठकीत एका सदस्याने १९९१ चा प्रार्थनास्थळांचा कायदा काढला. तो कायदा १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्थळाचे जे धार्मिक स्वरूप होते ते टिकवण्यासाठी आहे. इथे ते स्वरूप कोणीच नाकारत नव्हते. सकाळची काकडआरती दोन्ही पक्ष एकाच देवापुढे करत होते. कचेरीत माझ्याकडे देवस्थानांचे जे कागद येतात ते बहुतेक असेच असतात, एकाच समाजातले, एकाच आरतीला उभ्या राहणाऱ्या माणसांचे. त्यांची बातमी होत नाही, पण घरे मात्र मोडतात.

कागद काय सांगत होते

मंडळाचे म्हणणे होते, ‘आम्ही शंभर वर्षे खर्च केला, मंदिर आमचे.’ पुतण्याचे म्हणणे होते, ‘चार पिढ्यांचा ताबा, खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदवहीत) नाव, करपावती आमची, मंदिर आमचे.’ कागद लावून पाहिले तेव्हा दोघांचाही दावा टिकणारा नव्हता.

शेतजमिनीच्या नोंदी मी एकापुढे एक मांडल्या. संवत १९९० च्या आसपासच्या माफी रजिस्टरात मालकाच्या जागी ‘श्री दत्तात्रेय महाराज’ होते आणि खाली ‘मार्फत पुजारी’ म्हणून गुरुजींच्या आजोबांचे नाव. पुढच्या वहीत देव आणि पुजारी एकाच ओळीत आले. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, १९५९ ची भू-राजस्व संहिता आली, नवे खसरे लिहिले गेले. त्या नकलेत कोणा पटवाऱ्याच्या हातून ओळीचा पहिला भाग गळाला, पुजाऱ्याचे नाव तेवढे उरले आणि त्यापुढे शेरा पडला ‘भूमिस्वामी’. या बदलाला ना कोणता आदेश होता, ना नामांतरणाच्या (फेरफाराच्या) प्रकरणाचा क्रमांक. कोणी लबाडी केली असेल असे मला वाटत नाही. नक्कल करताना एक ओळ अर्धी राहिली आणि तिच्या जोरावर साठ वर्षांनी मृत्युपत्र झाले.

या राज्यात हा प्रश्न इतका सार्वत्रिक आहे की सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुजाऱ्यांची नावे महसुली नोंदींतून काढण्याची परिपत्रके राज्य सरकारने १९९४ आणि २००८ मध्ये काढली होती, त्यांना पुजाऱ्यांच्या समितीने आव्हान दिले. सप्टेंबर २०२१ मध्ये निकाल लागला: मालकाच्या रकान्यात फक्त देवाचे नाव हवे, कारण कायद्याच्या दृष्टीने देव ही व्यक्ती आहे. कब्जाही देवाचाच, पुजारी त्याच्या वतीने काम पाहतो, म्हणून कब्जेदाराच्या रकान्यातही पुजाऱ्याचे नाव नको. ग्वाल्हेर संस्थानाच्या माफीदारांच्या नियमांचा त्यात विचार झाला आहे. त्याच निकालात असेही म्हटले आहे की मंदिर सरकारकडे निहित झालेले नसेल तर व्यवस्थापक म्हणून जिल्हाधिकाऱ्याचे नाव सरसकट चढवता येणार नाही. हा दुसरा भाग लोक विसरतात. आम्हाला पुढे तोच जास्त उपयोगी पडला.

शहरातल्या जागेचे कोडे वेगळे होते. तिथे मुद्दा होता मंदिर खासगी की सार्वजनिक हा. नडियादच्या गोकुळनाथजींच्या मंदिराच्या खटल्यात १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसोट्या सांगितल्या आहेत: मंदिराचा उगम कसा झाला, कारभार कोणी कसा केला, देणग्या कोणी दिल्या, भक्तांनी कोणते हक्क बजावले, आणि भक्त व कारभारी स्वतः त्या मंदिराला काय समजत आले. मंडळाच्या इतिवृत्तांत यातले फारच थोडे सापडले. पुरावा मिळाला तो सभामंडपाच्या जमिनीत. फरशीच्या कडेने संगमरवरी लाद्या होत्या, प्रत्येकीवर देणगीदाराचे नाव, गाव आणि रक्कम. कुठे ११ रुपये, कुठे २१. कोणी बिर्लानगरच्या गिरणीतला, कोणी शाळामास्तर, एकीवर ‘कै. पतीच्या स्मरणार्थ’. पावलांनी घासून निम्मी अक्षरे पुसट झाली होती. मंडळाच्या मुलींनी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली आणि एकेक लादी उतरवून घेतली. घरच्या देवघरात अकरा रुपयांच्या लाद्या लोक बसवत नाहीत.

तिसरा कागद पुण्यात होता. सरदार घराण्यातले आजोबा हयात होते. त्यांच्या ट्रंकेत मूळ सनद निघाली, मोडीत लिहिलेली, शिक्क्यासह. ती देवाच्या पूजा-नैवेद्यासाठी दिलेली होती, कोणा माणसाच्या चरितार्थासाठी नव्हे. तीस वर्षांहून जुना मूळ दस्त योग्य ताब्यातून आला तर त्याच्या सहीशिक्क्याबद्दल न्यायालय अनुकूल गृहीत धरू शकते. झेरॉक्सला ती सवलत नाही. म्हणून मंडळाचे दोघे जण पुण्याला जाऊन आजोबांनाच सनदेसह घेऊन आले.

आजोबा आले तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. संस्थापकाने दुसरी व्यवस्था केली नसेल तर देवाच्या कारभाराचा हक्क त्याच्या वंशाकडे राहतो. म्हणजे कारभारी म्हणून सर्वांत बळकट हक्क ज्यांचा, त्यांनाच दोन्ही पक्षांनी इतकी वर्षे विचारले नव्हते.

समोरचे पर्याय

मंडळातल्या ज्येष्ठांना सरळ मालकीचा दावा हवा होता. ‘एकदा कोर्टाने म्हणू दे मंदिर मंडळाचे.’ मी तो करू नका म्हटले. हा दावा हरण्याची शक्यता मोठी होती, आणि हरला असता तर आम्ही केलेल्या खर्चाचा पुरावा पुढे खासगी मालकीच्या वादात अर्धवट वापरला गेला असता. शिवाय मंडळ मालक झाले असते तर उद्याच्या कार्यकारिणीला तोच चौक विकण्याची वाट मोकळी झाली असती. यावर दोन बैठका तापल्या. एक काका म्हणाले, ‘वकीलसाहेब, तुम्ही आमच्याकडून आहात की त्याच्याकडून?’ मी म्हटले, ‘काका, तुमच्याकडूनच. पण मालक तुम्हीही नाही.’

फौजदारी तक्रार पुढे रेटावी हा दुसरा विचार होता. तरुणांचा तिकडे ओढा होता. पण पुतण्याकडे नोंदणी केलेले मृत्युपत्र आणि खसरा होता. आपण मालक आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असणे शक्य होते, आणि अशा ठिकाणी फसवणूक सिद्ध करणे अवघड. तक्रारीने त्याला घाबरवता आले असते, करार रद्द झाला नसता.

मंदिर शासनाच्या ताब्यात द्यावे असेही काहींनी सुचवले. त्यामागे थकवा होता. उत्सवाची मोकळीक, पुजारी निवडीची परंपरा, मराठी पद्धतीची पूजा हे सगळे त्यात कचेरीच्या आदेशावर गेले असते.

निवड झाली ती चौथ्या मार्गाची. मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ खाली जिल्हाधिकारी हे न्यासांचे पंजीयक (नोंदणी अधिकारी) असतात आणि प्रत्यक्षात हे काम बहुधा एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे) असते. न्यासात हितसंबंध असलेला कोणीही कलम ५ खाली चौकशीचा अर्ज देऊ शकतो. मंदिर सार्वजनिक ठरले की मालमत्तेची यादी नोंदली जाते, आणि मग कलम १४ लागते: पंजीयकाच्या पूर्वपरवानगीवाचून विक्री, गहाण, अदलाबदल, दान काही वैध नाही, शेतजमीन सात वर्षांहून जास्त आणि इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. आम्हाला नेमके हेच कुलूप हवे होते. मालकीचा प्रश्न न सोडवता विक्री थांबत होती.

काय केले

एसडीएमकडे अर्ज दिला आणि त्याच आठवड्यात दिवाणी न्यायालयात मनाईहुकुमाचा दावा लावला. दाव्यात वादी मंडळ नव्हते. वादी होते स्वतः श्री दत्तात्रेय महाराज, दोन भक्तांमार्फत. कारभारी देवाच्या हिताविरुद्ध वागत असेल तर भक्त देवाच्या वतीने उभा राहू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच मान्य केले आहे. वादीचे नाव बदलल्याने मोहल्ल्यातले वातावरणही थोडे बदलले. पुतण्याच्या बाजूचे लोकही देवाविरुद्ध बोलायला बिचकू लागले.

स्टे मिळाला. वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली, म्हणजे बांधकाम व्यावसायिकाला पुढे ‘मला माहीतच नव्हते’ म्हणता येऊ नये. खसऱ्याच्या दुरुस्तीचा अर्ज तहसीलमध्ये गेला. करनोंदीवर आम्ही वेळ घालवला नाही. नामांतरणाने मालकी मिळत नाही, आणि मृत्युपत्रावरून वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावे लागते, हेही सप्टेंबर २०२१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात पुन्हा सांगितले होते.

एसडीएमची स्थळपाहणी महत्त्वाची ठरली. त्यांनी लाद्या वाचल्या, जुन्या निमंत्रणपत्रिका पाहिल्या, शेजारच्या दुकानदारांना विचारले की देवळात जाताना कोणाची परवानगी लागत असे का. सगळ्यांचे उत्तर एकच होते. पुजाऱ्यांचे बिऱ्हाड गाभाऱ्यापासून वेगळे, स्वतंत्र दाराचे होते, हेही टिपणात आले. निष्कर्ष लागला: सार्वजनिक न्यास, मालक देव, पुतण्या पुजारी.

कलम ८ खाली अशा निष्कर्षाविरुद्ध सहा महिन्यांत दिवाणी दावा लावता येतो. तो त्याने लावला. दोन्ही दावे एकाच न्यायालयात आले आणि न्यायाधीशांनी मध्यस्थीला पाठवले.

मध्यस्थीत काय घडले

पहिल्या दोन बैठका वाया गेल्या. तिसऱ्या बैठकीला गुरुजींच्या पत्नी आल्या. तोवर त्यांना कोणीच बोलावले नव्हते. काकूंनी एक वही काढली. त्यात मंडळाने दिलेली मासिक दक्षिणा लिहिलेली होती, आणि तो आकडा कित्येक वर्षे तोच होता. नंदादीपाचे तूप, फुले, नैवेद्याचा शिधा यांचा खर्च पुढच्या रकान्यात होता आणि तो दरवर्षी वाढत गेला होता. त्या म्हणाल्या, ‘दुकानांचं भाडं आम्ही खाल्लं म्हणता. हे बघा कुठं गेलं ते.’ मंडळाच्या खजिनदारांनी ती वही पानन्‌पान वाचली आणि त्या दिवशी पुढे फार बोलणे झाले नाही.

मला वाटते, खरा वाद इथे समोर आला. पुतण्याला इमारत हवी होती असे नाही. पूजेवर घर चालत नव्हते आणि उद्या मंडळाने काढून टाकले तर डोक्यावर छप्पर राहील याची खात्री नव्हती. मृत्युपत्र आणि करार हे त्या भीतीवरचे उपाय होते, चुकीचे असले तरी.

तडजोड अशी ठरली. मंदिर, दुकाने आणि जमीन देवाची हे पुतण्याने लिहून दिले आणि मृत्युपत्रातला मालकीचा भाग सोडला. न्यासाच्या विश्वस्तांत सात जण: उत्सव मंडळाचे चार, पुजारी घराण्याचा एक, सरदार घराण्याचा एक आणि मोहल्ल्यातला एक तटस्थ माणूस. पूजेचा मान त्याच घराकडे. मासिक वेतन ठरले, दर दोन वर्षांनी फेरविचार. मागच्या खोल्या पूजेच्या कामाबरोबर राहायला, भाडेपट्टा नाही, त्यामुळे तीन वर्षांच्या मर्यादेचा अडसर नाही. काकूंना हयातीपर्यंत राहण्याची हमी वेगळ्या कलमात. दुकानांचे भाडे न्यासाच्या खात्यात.

बयाना परत करण्यावर पुन्हा अडले. त्यातला काही भाग गुरुजींच्या आजारपणात लागला होता. न्यासाच्या पैशातून तो भरावा असे सुचवले गेले. ते करता येत नव्हते, देवाचा पैसा कोणाच्या खासगी कराराच्या फेडीसाठी नाही. शेवटी मंडळाच्या बारा घरांनी आपापल्या खिशातून बिनव्याजी रक्कम दिली आणि पुतण्याने हप्त्यांनी फेडायचे कबूल केले.

देव कायद्याने अज्ञान मुलासारखा मानला जातो, म्हणून त्याच्या वतीने केलेल्या तडजोडीला न्यायालयाची खास परवानगी लागते. तडजोड देवाच्या हिताची आहे हे दाखवावे लागले. परवानगी मिळाली आणि तडजोडीप्रमाणे हुकूमनामा झाला.

वेगळे काय करता आले असते

फौजदारी तक्रार पहिल्याच दिवशी नको होती. तिने काही मिळाले नाही, उलट कुलूप लागले आणि मध्यस्थीच्या पहिल्या दोन बैठका तिच्यावरच खर्च झाल्या. स्टे आधी घेऊन, तक्रारीचा विचार नंतर करता आला असता.

न्यासाची नोंदणी गुरुजी हयात असतानाच व्हायला हवी होती. १९५१ पासून कायदा आहे. मंडळाने संस्थेची नोंदणी केली, मंदिराची नाही, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणी लक्षात घेतले नाही. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैनच्या मराठी मोहल्ल्यांतल्या मंडळांना मी आवर्जून सांगतो: आपल्या देवळाच्या खसऱ्याची नक्कल आजच काढा आणि मालकाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे ते स्वतः वाचा.

दक्षिणेची वही जर दर वर्षी वार्षिक सभेत उघडली गेली असती, तर मला वाटते, हे प्रकरण माझ्या टेबलावर आलेच नसते. काकूंना पहिल्याच बैठकीला बोलावायला हवे होते. मध्यस्थीची यादी करताना दोन्ही बाजूंनी फक्त पुरुषांची नावे दिली होती.

पुण्याच्या आजोबांकडे आम्ही लवकर पोहोचलो हे नशीब. त्यांचे वय पाहता त्यांचा जबाब सुरुवातीलाच नोंदवून घेतला, हा निर्णय बरोबर ठरला. तडजोडीनंतर काही महिन्यांतच ते गेले आणि आता त्यांची मुलगी न्यासावर आहे.

शेतजमिनीचे काम अजून संपलेले नाही. खसऱ्यात देवाचे नाव परत लागले, पण ती जमीन गुरुजींच्या वेळेपासून बटईने (पिकाच्या वाट्यावर) कसणारे कुटुंब आता स्वतःचा हक्क सांगते आहे. न्यासाने त्यांच्याशी लेखी, सात वर्षांच्या आतला करार करण्याचा ठराव केला आहे आणि तहसीलमध्ये पुढची तारीख पडली आहे. या वेळी मंडळाने पोलिसांत जाण्याआधी त्या कुटुंबाकडे माणूस पाठवला आहे.